उसनी कोप

येळवस, रानात पूजा करायची ती वेळ अमावस्या, उद्यावर आली आणि सटवाजीला कोपीसाठी कुठं कडबा मिळेना. ज्वारीच्या कडब्याची ती इवलीशी झोपडी उभी केल्याशिवाय रानात पाच दगडांचे पांडव पुजायचे कसे? पण देवणीजवळच्या त्या गावात सगळी रानं सोयाबीन आणि उसाखाली गेलेली, सटवाजीचंही गेलेलं. पाय भरून येईपर्यंत तो हिंडला. शेवटी लातूर रोडच्या एका ढाब्यावर, गावरान वाटावं म्हणून दारात उभ्या केलेल्या पाच पेंढ्या दिसल्या.

"न्या मामा," ढाबेवाला म्हणाला, "पण उद्या संध्याकाळी जशाच्या तशा परत पाहिजेत. गिऱ्हाईक तिथं फोटो काढतंय."

दुसऱ्या दिवशी रानात कोप उभी राहिली. आंबिलीचं ज्वारीचं पीठसुद्धा दुकानातल्या पाकिटातलं होतं, पण पूजा रीतीनं झाली. मग सटवाजी आणि त्याची बायको मंजुळाबाई आंबील शिंपडत रानाला फेरी मारून आले. येऊन बघतात तर उसाच्या वाढ्यांवर, त्या शेंड्याच्या पाल्यावर, कशीबशी तगलेली त्यांची म्हातारी गाय दावं तोडून कोपीत तोंड घालून उभी! तीन पेंढ्या फस्त झालेल्या. डोळे मिटून खात होती.

सटवाजीनं काठी उचलली. "आता त्या ढाबेवाल्याला काय तोंड दाखवू?"

मंजुळाबाईनं काठी काढून घेतली आणि ती तिथंच बांधावर बसली.

 

"मारू नगा तिला. ज्वारी आता नुसती बघायसाठी असती, ह्ये त्या मुक्या जीवाला कुणी सांगितलंय?"