बढतीचा केक

ट्रिनाला आमच्या सुपरमार्केटच्या बेकरीची प्रमुख केलं, आणि तिच्या अभिनंदनाचा केक सजवायचं काम नेमकं माझ्याच गळ्यात आलं. नऊ वर्षं मी इथे केकवर दुसऱ्यांची नावं लिहितेय. ती कालची आलेली. तिचं नाव मी असं किरटं लिहिलं की मॅनेजर डग म्हणाला, "लॉनेट, क्रीम संपलं का गं?" सगळ्यांनी केक खाल्ला. मी माझा तुकडा कचऱ्यात टाकला.

महिन्याभरानं ट्रिना भट्टीपाशी आली. डोळे सुजलेले.

"लॉनेट, ही बढती तू घेतेस का? मी डगशी बोलते."

"का? राणीसाहेबांना एवढ्यात गादी टोचायला लागली?"

"पगार वाढला तशी पोरीच्या पाळणाघराची सरकारी मदत बंद झाली. सगळी वाढ तिथेच जाते, आणि वर घरभाड्यातलेही घालावे लागतात. या तल्सा शहरात आता स्वस्त काय राहिलंय, तूच सांग."

खोटं कशाला बोलू, माझ्या जिवाला गार वाटलं. "घेते की," मी म्हणाले.

तिनं पिठाच्या हातांनीच माझा हात धरला. "तुझं बरं आहे बाई. तुला मूलबाळ नाही, तुला ही बढती परवडेल."

बढती मिळाली की मगच मूल होऊ द्यायचं, असं मी आणि नवऱ्यानं लग्न झालं तेव्हाच ठरवलं होतं.