मूळ वाण

आरोग्यकेंद्रातल्या यंत्राने रुमलीबाईंच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि त्यांच्या गुडघ्यांना मानवेल असा गांजाचा अर्क जागच्या जागी तयार करून बाटलीत भरला. झाकण बसायच्या आत वास दरवळला. साठ वर्षांनी तोच वास. परसातली चार झाडं, तव्यावर गरम केलेला पाला आणि तो आजीच्या गुडघ्यावर हलकेच बांधणारे बापाचे हात.

“तुमच्या घरात कुणाला गांजासाठी शिक्षा झाली होती का?” यंत्राने विचारलं.

“नाही म्हणा, मावशी,” सिस्टर कुजबुजली. “हो म्हटलं की औषध देत नाही ते.”

रुमलीबाई बाटलीवरची चिठ्ठी वाचत होत्या. ‘मूळ वाण: जप्त झाडे चार, गुन्हा क्रमांक ४७, साल २०३१.’

तुरुंगाच्या फाटकावर सांगता यावा म्हणून निरक्षर आईने हाच क्रमांक लहानग्या रुमलीकडून घोकून घेतला होता.

“हो,” त्या यंत्राला म्हणाल्या. “माझ्या बापाला झाली होती. हे झाड त्याचंच आहे.”

यंत्राने बाटली आत ओढून घेतली. वास पुरता विरेपर्यंत रुमलीबाई जागच्या हलल्या नाहीत.