सांभाळून घेणारी गाडी

नवरा शेजारी येऊन बसला आणि गाडीचा स्क्रीन पुन्हा मंद झाला. गाणं थांबलं, नकाशा गेला. फक्त वेग आणि पुढचं वळण उरलं.

“सावकाश चला. मी सोबत आहे,” गाडी हळू आवाजात म्हणाली.

ही सोय तिनंच आखली होती. सीटमधल्या पट्ट्या श्वास आणि हृदयाचे ठोके टिपायच्या. चालवणारा घाबरलेला असला, की गाडी त्याला सांभाळून घ्यायची. चाचणीसाठी ती गाडी रोज घरी नेत होती. एकटी असताना काही व्हायचं नाही. धाकटी बहीण शेजारी बसली तरी नाही. नवरा बसला, की मात्र हे असं.

आज बहीण मागे बसली होती. नवऱ्यानं कुठे जायचंय ते दोनदा विचारलं. बाजारात, असं बायकोनं सांगितल्यावर त्यानं लगेच आपल्या भावाला फोन करून तेच कळवलं. वाटभर त्याचा एक हात दाराच्या कडीवर होता.

बहिणीला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती थेट ताईच्या ऑफिसात आली. दाजी म्हणजे गरीब गाय असं इतकी वर्षं वाटत होतं, पण हल्ली काही खरं नाही, असं तिचं म्हणणं. ताईला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत, स्वतःच रांधतात. साधा चहासुद्धा तिला करू देत नाहीत. बायकोला असं धाकात ठेवायचं म्हणजे काय?

“तू त्यांना घाबरतेस, ताई. गाडीला कळलं, तू मात्र कबूल करत नाहीस. आजच माझ्याकडे चल.”

ताई मान खाली घालून ऐकत राहिली. विचार करते म्हणाली. बहीण डोळे पुसत निघून गेली.

थोड्या वेळानं वायरिंग पाहणारा सहकारी केबिनमध्ये आला. त्याचा चेहरा पडला होता.

“मॅडम, चूक आमची आहे. पुढच्या दोन सीटच्या वायरी अदलाबदल होऊन जोडल्या गेल्या. ते घाबरलेले ठोके तुमचे नव्हतेच. तुमच्या शेजारी बसणाऱ्याचे होते.”

तिनं उठून केबिनचं दार लावून घेतलं.

“हे आणखी कोणाला बोललात?” तिनं शांतपणे विचारलं.