चित्रातली बेकरी

"अहो, पण काचेवर चिकटवलेली ती फिल्म काढल्याशिवाय लोकांना दुकान दिसणार कसं?" जेमा फोनवर म्हणाली. फोन खांद्यात धरलेला, कडेवर तान्ही मेबल.

"मॅडम, चिकटवणाऱ्यांचं टेंडर वेगळं आणि काढणाऱ्यांचं वेगळं," कौन्सिलमधला माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला. "काढणाऱ्यांचं अजून निघायचंय. तुम्ही मात्र हात लावू नका हं. सरकारी मालमत्ता आहे ती."

जेमाने फोन ठेवला, काउंटरमागच्या स्टुलावर बसली आणि मेबलला पाजायला घेतलं. आज शुक्रवार. सोमवारी बेकरी उघडल्यापासून दाराची घंटा एकदाही वाजली नव्हती.

कॉल्डर्टनच्या मार्केट स्ट्रीटवरची दुकानं एकेक करत बंद पडली, तेव्हा रस्त्याला जरा कळा यावी म्हणून कौन्सिलने त्यांच्या काचा-दारांवर दुकानांचीच चित्रं चिकटवली. फुलवाला, खेळण्यांचं दुकान, बेकरी, मासेवाला. बेकरीच्या चित्रात टोपल्या भरून पाव होते, मागे एक हसरी बाई होती आणि दारावर 'उघडं आहे' अशी पाटी होती. सुरुवातीला लोक फसले. मग शहाणे झाले आणि त्या बाजूला बघायचेच थांबले. पुढे कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की चित्रात बेकरी आहेच, तर तिथे खरीच का नको? जेमाला गाळा मिळाला. सहा आठवडे भाडं नाही. चाललं तर पुढे बघू, नाही तर रामराम. तेवढ्या भरवशावर तिने गोदामातली रात्रपाळी सोडली होती.

फिल्मला बारीक भोकं होती. आतून बाहेरचं सगळं दिसायचं, बाहेरून नुसतं चित्र. मंगळवारी एक बाई काचेशी आली, थेट जेमाच्या डोळ्यांत बघत तिने लिपस्टिक नीट केली आणि निघून गेली. जेमाने दारावर बाहेरून 'खरंच उघडं आहे' असा कागद लावला, तर तोही चित्रातलाच ठरला. दार उघडं ठेवावं, तर माळावरचं वारं सरळ मेबलच्या पाळण्यात. काल दोघं जण पावाच्या वासाने थबकले होते. "आता चित्रांवर वासही फवारायला लागले," त्यातला एक म्हणाला. "आपल्याच करातून." आणि हसत पुढे गेले.

रोज संध्याकाळी पाव कबुतरांना जात होते. टिकलं होतं ते फक्त डब्यातलं पार्किन. आलं, ओट आणि काळी काकवी घालून केलेला हा केक भाजल्या दिवशी कुणी खात नाही. लोणच्यासारखा तो मुरावा लागतो.

"माशी तरी फिरकली का गं?" सकाळी आईने विचारलं होतं. "गोदामवाले सोमवारी पुन्हा घेतायत म्हणे. आज काय ते बघ, आणि कळव त्यांना."

समोर बस येऊन थांबली. शेवटचा थांबा. ड्रायव्हर हॉवर्ड उतरला आणि त्याच्या मागून विनीमावशी, हातात रिकामी पिशवी घेऊन. शुक्रवारचा बाजार बंद होऊन वर्षं लोटली होती, पण तिचा शुक्रवार चुकत नसे. ती यायची आणि ओळीने एकेक चित्रातलं दार तळव्याने ढकलून बघायची. गावाला तिची दया यायची. गेल्या हिवाळ्यात खुद्द जेमाने तिला दंडाला धरून बसपर्यंत सोडलं होतं. "चित्र आहे ते, मावशी."

विनीमावशीने फुलवाल्याचं दार ढकललं. मग खेळण्यांच्या दुकानाचं. जेमा आतून बघत होती. पुढचं दार तिचं.

तेवढ्यात हॉवर्ड लगबगीने आला आणि त्याने मावशीचा दंड धरला. "चला मावशी. गारठा केवढा पडलाय! बसमध्ये बसा, थर्मासातला चहा देतो."

"सोड रे. अजून ओळ संपली नाही माझी."

"चित्रं आहेत सगळी. चला बरं."

दोघं वळले. जेमा ताडकन उठली. दूध तोंडातून सुटल्याबरोबर मेबलने असा काही टाहो फोडला की काच थरथरली.

बाहेर हॉवर्ड जागच्या जागी थिजला. त्याने चित्रातल्या हसऱ्या बाईकडे पाहिलं. ती हसतच होती.

"चित्रातली पोरं रडतात होय रे?" विनीमावशीने दंड सोडवून घेतला आणि दार ढकललं.

घंटा वाजली.

आत येऊन तिने आधी पाय पुसले. मग रडून लाल झालेल्या मेबलकडे बघून मान डोलवली, जणू तिनेच हाक मारली होती. जेमाने पार्किनचा डबा पुढे सरकवला. मावशीने कडेला अंगठा दाबून पाहिला.

"आत्ता कुठे मुरलंय. चार दे. आणि एक ह्याला, त्या थर्मासवाल्याला."

हॉवर्ड अजून उंबऱ्यातच होता. "मावशी, म्हणजे ती चित्रं आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"डोळे फुटलेत का माझे? पण कुणी ढकलूनच बघितलं नाही, तर त्यातलं एखादं उघडलंय हे कळायचं कसं?"

पार्किनचा तुकडा चघळत हॉवर्ड बाहेर पडला. बस सुटायला अजून वेळ होता. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी त्याने एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारच्या मासेवाल्याच्या दारावर हळूच तळवा टेकवला.