एकदा जिंकू देत

रविवारी जुहूच्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत होती आणि तोवर सदानंदच्या जुन्या मॉरिसवर एकच मोठं काम उरकण्यासारखं होतं. दुसरा कार्ब्युरेटर बसवला तर गाडीचा वेग वाढला असता. नाहीतर झिजलेले ब्रेक बदलायचे. अंधेरीच्या गॅरेजात दोघा मित्रांनी मिळून ती गाडी शर्यतीसाठी घडवली होती, तरी हा निर्णय सदानंदने मार्तंडवर सोडला होता. मार्तंडच्या मनात ब्रेक होते.

शुक्रवारी दुपारी सदानंदची बायको जयंती गॅरेजात आली.

“भावजी, वेग वाढेल तेच बसवा.”

“वहिनी, तुम्ही हे म्हणता?”

“एकदा जिंकलो की शर्यती सोडीन, असं वचन दिलंय त्यांनी मला. एकदाचे जिंकू देत. दर वेळी माझा जीव टांगणीला लागतो.”

ती गेल्यावर मात्र मार्तंडने ब्रेकच बदलायला घेतले.

शर्यतीत शेवटच्या वळणावर पुढची गाडी गरकन फिरून आडवी झाली. सदानंदची मॉरिस तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मागच्या गाड्या बाजूने निघून गेल्या. तो हसतच खाली उतरला.

“वाचलो रे, मार्तंड. आता पुढच्या वर्षी बघच.”

जयंती मार्तंडजवळ येऊन उभी राहिली.

“तुमचे उपकार झाले, भावजी,” ती हळूच म्हणाली. “पण आता हे थांबायचे नाहीत.”