केळ्याचा वास

आफ्राने बाटली उघडली, उंच पेल्यात बिअर ओतली, फेसात जवळजवळ नाक बुडवलं आणि मान वर करून थेट जावयाकडे पाहिलं.

"यात काय घातलंत, जावईबापू?"

"तुम्ही सांगितलं तेच," क्विरिन म्हणाला. "गव्हाचं माल्ट, जवाचं माल्ट, हॉप्स, यीस्ट. दुसरं काय घालणार?"

"केळ्याचा वास कुठाय? लवंगेचा कुठाय?"

क्विरिनने पेला घेऊन हुंगला. "आई, अहो घमघमाट सुटलाय की!"

घमघमाट म्हणे! आफ्राने पेला हिसकावून घेतला. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती तळघरातल्या धुण्याच्या खोलीत गव्हाची बिअर करत आली होती. यीस्टने जोर धरला की केळ्या-लवंगेचा वास जिना चढून स्वयंपाकघरात यायचा आणि रस्त्याने जाणारे लोक उगाच हवापाण्याच्या गप्पा मारायला दारात थांबायचे. गेल्या हिवाळ्यात तिचे गुडघे कुरकुरायला लागले आणि माल्ट, यीस्ट आणायचं काम जावयाकडे गेलं. वासही तेव्हापासूनच गेला. यात न समजण्यासारखं काय होतं? त्यातून क्विरिन उत्तरेकडच्या फ्रँकोनिया प्रांतातला. तिकडच्या लोकांनी गव्हाचा पाव करावा, बिअरच्या वाटेला जाऊ नये, हे आफ्राने त्याच्या लग्नाच्या जेवणातही सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

तशी हल्ली सगळी दुनियाच लबाड झाली होती. बेकरीवाला पिठात काहीतरी काटकसर करत होता, त्याच्या गरम पावालाही चव नव्हती. कॉफीत तर सरळ भुसा भरत असावेत. शेजारच्या ब्लासिउसला तिने मुद्दाम बिअर पाजली, तर तोही डोळे मिटून "वा, काय वास!" म्हणाला. म्हणजे तोही फितूर. पण ब्लासिउस स्वतःच्या घरी राहत होता. जावई इथे राहत होता, डोक्यावर, वरच्या मजल्यावर. तोंडावर खोटं बोलणारा माणूस घरात ठेवायचा नाही, असं आफ्राने ठरवलं. बुर्गी रडेल, रडू दे. पोटची पोर असली म्हणून काय झालं?

पुढच्या बिअरला तिने कुणाला हात लावू दिला नाही. गुडघ्याला पट्टा बांधून बसने माल्टच्या दुकानात गेली, स्वतः माल्ट निवडलं, भरडताना समोर उभी राहिली. घरी कोमट पाण्यात ते भिजवलं, हळूहळू आच वाढवली, आयोडिनचा थेंब टाकून पिठूळपणा गेल्याची खात्री केली, मग गाळून रस उकळला. यीस्ट तर तिने ब्लाउजमध्ये दडवून आणलं होतं. पिंपाला कुलूप लावता येत नाही याचं तिला फार वाईट वाटलं. बाटल्या भरल्या, ठेवल्या, वाट पाहिली आणि एकटीने एक उघडली.

वास नव्हता.

म्हणजे यानेच रात्री-बेरात्री खाली जाऊन काहीतरी केलं. आता पुरावा तेवढा हवा होता.

रविवारी चर्चमधून आल्यावर तिने सापळा लावला. गव्हाची बिअर कुणी मातीच्या पेल्यात देत नाही, पण काचेतून रंग दिसला असता. तिने दोन सारखे मातीचे पेले घेतले. एकात स्वतःची बिअर ओतली, दुसऱ्यात दुकानातली सगळ्यात स्वस्त, जिला गावात कुणी बिअर म्हणत नसे. आपली उजव्या हातात, दुकानातली डाव्या हातात धरून ती बाहेर आली आणि दोन्ही पेले क्विरिनपुढे ठेवले.

"घ्या, जावईबापू. दोन वेगळ्या बाटल्या उघडल्यात. सांगा, कशी झालीय?"

आता हा दोन्हींना घमघमाट म्हणणार, आणि संध्याकाळपर्यंत याचं सामान अंगणात असणार. आफ्राला आत्ताच बरं वाटायला लागलं.

क्विरिनने एक पेला हुंगला, दुसरा हुंगला आणि हसत दोन्ही खाली ठेवले. तेवढ्यात बुर्गी पांढऱ्या सॉसेजचं वाफाळतं भांडं घेऊन आली. "सरका, सरका, हात भाजतोय माझा!" म्हणत तिने कोपराने पेले बाजूला लोटले आणि भांडं मधोमध टेकवलं.

"आई, थट्टा करताय होय?" क्विरिन म्हणाला. "यातली एक तुमची. दुसरी कसली तरी दुकानातली. तिला वास म्हणून नाही." त्याने भांड्याजवळचा पेला पुन्हा हुंगून पुढे केला. "ही तुमची. बरोबर ना?"

आफ्राने पेल्यांकडे पाहिलं. उजवा कुठला आणि डावा कुठला, हे आता कळत नव्हतं.

"अगं आई, त्यात बघायचं काय?" बुर्गी हसली. "नाक लाव की!"

आफ्राने नाक लावलं. एकाला, मग दुसऱ्याला, पुन्हा पहिल्याला. एकेक घोट घेऊन पाहिला. दोन्ही गार, दोन्ही किंचित आंबट. तिने पेले खाली ठेवले आणि सॉसेजच्या भांड्यावर तोंड धरलं. वाफ गालांना गरम लागली. बाकी त्या वाफेत काहीच नव्हतं.

आफ्रा घाबरली. बेकरीवाला, कॉफीवाले, ब्लासिउस, सगळे एकेक करून तिच्या डोळ्यांपुढून गेले.

"बोला ना, आई," क्विरिन म्हणाला. "बरोबर की चूक?"

"मला कळत नाही रे, क्विरिन," ती म्हणाली. "तू म्हणशील ती माझी."