जांभळी रेषा

पाहण्याच्या कार्यक्रमात मोठ्यांनी दोघांना बोलायला म्हणून गॅलरीत पाठवलं. चारुदत्त पनवेलच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. बाकी काही सुचेना, म्हणून त्याने रेवाला राइख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली.

"त्याला रंग ओळखता यायचे नाहीत. म्हणून खनिज जाळल्यावर ज्योतीच्या वर्णपटात कोणत्या रंगाची रेषा दिसते, ते त्याने सहायकाला बघायला लावलं. सहायकाला जांभळी रेषा दिसली आणि इंडियम हे नवं मूलद्रव्य सापडलं. पुढे सहायक म्हणायला लागला, शोध माझा एकट्याचा."

खालून न्हावा शेवा बंदराकडे जाणारा कंटेनरचा ट्रेलर धडधडत गेला.

"मग राइखने परत कुणावर विश्वास ठेवला?" रेवाने विचारलं.

"पुस्तकात तेवढं दिलेलं नाही."

"ही गोष्ट आधीच्या मुलींनाही सांगितलीत?"

"नाही. आई म्हणते, माझ्या डोळ्यांबद्दल लग्न झाल्यावरच सांगायचं."

आतून मावशीने चहा गार होतोय म्हणून हाक मारली. चारुदत्त उठला. रेवा जरा थांबली आणि पदर सारखा करत म्हणाली,

"माझी साडी जांभळी आहे."